ग्रहणाच्या फोटोखाली वेळ आणि जागा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ मार्च २०२६ रोजी, मंगळवारी, फाल्गुन पौर्णिमेला चंद्रग्रहण आहे. त्यानिमित्त ग्रहणातला चंद्र आणि सोलापूरची एखादी ओळखीची वास्तू एकत्र दिसेल असे फोटो पाठवा, निवडक फोटो छापू, असं आवाहन आपण वाचकांना केलं आहे. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, इंद्रभुवन, चार हुतात्मा पुतळे अशी ठिकाणंही सुचवली आहेत. उपक्रम चांगलाच आहे. माझं म्हणणं आहे ते आवाहनाशेजारी नमुना म्हणून छापलेल्या फोटोबद्दल. गेल्या सप्टेंबरच्या ग्रहणानंतर हाच फोटो आपण एका वाचकाचा म्हणून पहिल्या पानावर छापला होता.

बाळीवेस भागात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप, पासपोर्ट साइज, सगळं रोलच्या जमान्यापासून केलं. आता दुकान मुलगा बघतो आणि तिथं फोटोपेक्षा झेरॉक्सलाच गिऱ्हाईक जास्त. हातात वेळ असतो, त्यामुळे तो फोटो भिंगाखाली धरून बघितला.

सिद्धेश्वराच्या शिखराला टेकलेला लालभडक चंद्र, तोही शिखराहून रुंद. खाली तलाव. पाण्यात मंदिराच्या रोषणाईचं प्रतिबिंब आहे, काठावरच्या खांबांच्या दिव्यांच्या लांबट थरथरत्या रेघा आहेत. एवढा मोठा चंद्र मात्र पाण्यात कुठेच नाही. दिवे पाण्यात पडतात आणि चंद्र पडत नाही, असं पाणी मी तरी पाहिलेलं नाही.

बरं, ते ग्रहण होतं ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री. पंचांगात आणि आपल्याच अंकात वेळा दिल्या होत्या : पावणेदहानंतर थोड्या वेळानं, ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श, अकराला चंद्र सावलीत पूर्ण बुडाला, ११ वाजून ४१ मिनिटांनी ग्रहणाचा मध्य, १२ वाजून २२ मिनिटांनी कड उजळायला सुरुवात. म्हणजे चंद्र लाल होता तो अकरा ते सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान. त्या वेळी सोलापुरातून तो क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर होता, मध्याला चौसष्टच्या आसपास. मान मागे टाकून बघावं लागत होतं. शिखराला टेकायचं तर त्याला पूर्वेला उगवतीपाशी असायला हवं, आणि उगवला तेव्हा तो नेहमीसारखा पांढराच होता.

तिसरी गोष्ट ससा. चंद्रावरच्या डागांचा ससा लहानपणी सगळ्यांनीच बघितला आहे. आपल्याकडे चंद्र उगवतो तेव्हा सशाचे कान वर असतात. मध्यरात्री तो डोक्यावर येईतो ससा आडवा होतो, दक्षिणेला तोंड करून बघितलं तर कान उजवीकडे, पश्चिमेला. पहाटे मावळताना कान खाली. छापलेल्या फोटोत चंद्र शिखराला टेकलेला आणि सशाचे कान सरळ उजवीकडे. तेव्हा चंद्र डोक्यावरचा, नाहीतर कुठून तरी उतरवून घेतलेला, आणि मंदिर खालचं. दोन फोटो, एक कात्री.

दुकानात हे मुलाच्या मित्राला दाखवलं, तर तो म्हणाला, “काका, काय एवढं बारीक बघालाव? भारी दिसालंय की ओ!” भारी दिसतो हे मीही नाकारत नाही.

आणि मी काही सोवळा नाही. मिक्सिंगवर आमचं दुकान चाललं. चंद्रकोरीवर बसलेले नवरा-नवरी, ग्लासात उभी नवरी, नवरदेवाच्या तळहातावर नवरी, अशी पानं नसली तर लग्नाचा अल्बम अपुरा आहे असं व्याही मंडळी तोंडावर सांगत. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायच्या यंत्राखाली, आधी एका निगेटिव्हचा उजेड द्यायचा, नको तो भाग काळ्या कागदाच्या कातरणानं झाकायचा, मग दुसरी निगेटिव्ह लावून उरलेल्या जागेत दुसरा उजेड. कातरण हातानं हलकं हलवत राहायचं, नाहीतर जोडाची रेघ उमटते. नवरीच्या पदराच्या कडेला ती रेघ लपवण्यात अख्खी दुपार जायची. त्या कामाचा मला अभिमान आहे. पण अल्बम बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की जोडपं चंद्रावर गेलेलं नाही. वर्तमानपत्रात “ग्रहणाच्या रात्री सिद्धेश्वर मंदिर” असं लिहून फोटो छापला की वाचक त्याला घडलेली गोष्ट समजतो, आणि तसं समजण्याचा त्याला हक्क आहे.

जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा ती कोसळतानाचे फोटो सगळ्यांनी छापले. त्या दिवशी कुणी जुन्या चिमणीच्या फोटोला दुसरीकडचा धुरळा जोडून पाठवला असता, तर आपण छापला असता का? मग चंद्राला वेगळा न्याय का?

आता या ३ मार्चचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मोबाइलवर आतापासूनच ‘लाल चंद्र’ फिरायला लागला आहे. ग्रहण खग्रास आहे हे खरं, पण सोलापुरातून लाल चंद्र दिसणार नाही. चंद्र पूर्ण सावलीत असेल दुपारी ४ वाजून ३४ मिनिटांपासून ५ वाजून ३३ मिनिटांपर्यंत, आणि तेव्हा आपल्याकडे ऊन असेल, चंद्र क्षितिजाखाली. तो उगवेल साडेसहाच्या पुढे-मागे. सूर्यही त्याच सुमारास मावळेल, कारण पौर्णिमेला हे दोघे असेच समोरासमोर असतात. ग्रहणाचा मोक्ष ६ वाजून ४७ मिनिटांनी. म्हणजे हातात येतात पंधराएक मिनिटं, तीही संधिप्रकाशातली. त्या वेळी चंद्राच्या वरच्या डाव्या कडेचा थोडासा भाग काळसर असेल आणि बघता बघता भरून निघेल. बस, एवढंच. ८ नोव्हेंबर २०२२ ला त्रिपुरी पौर्णिमेचं ग्रहण असंच उगवतीला सुटत चाललेलं दिसलं होतं, तेव्हा निदान अर्धा तास तरी मिळाला होता.

त्यामुळे ३ तारखेला कुणी आपल्याकडे सोलापुरातला लालबुंद चंद्र पाठवला, तर तो न उघडताच बाजूला ठेवायला हरकत नाही.

मग खरा फोटो कसा येईल? माझ्या धंद्याच्या हिशोबानं सांगतो. आकाशात चंद्राची रुंदी अर्धा अंश आहे. हात लांब करून करंगळी धरली की ती साधारण एक अंश झाकते, म्हणजे चंद्र करंगळीमागे दोनदा मावेल. उगवतीला तो मोठा दिसतो हा डोळ्यांचा खेळ. तेव्हाही करंगळी धरून बघा, तेवढाच भरतो. कुठलीही वस्तू तिच्या रुंदीच्या एकशे दहा पट अंतरावरून बघितली की चंद्राएवढी दिसते. दहा मीटर रुंद शिखर चंद्राच्या रुंदीचं दिसायला हवं असेल तर अकराशे मीटर लांब जायला हवं, आणि तिथून ते दिसायलाही हवं. आपल्या तलावाचा काठ मंदिरापासून एवढा लांब कुठेच नाही. काठावर उभं राहून घेतलेल्या फोटोत चंद्र शिखरापेक्षा बारीकच येणार. बारीक आला तर तो खरा असण्याची शक्यता जास्त.

दुसरी अडचण उंचीची. ६ वाजून ४७ मिनिटांनी चंद्र क्षितिजापासून तीनेक अंशच वर आलेला असेल, लांब धरलेल्या हाताची जेमतेम दोन बोटं. आणि दोनशे मीटरवरच्या बारा मीटर उंच झाडाचा शेंडा साडेतीन अंशांवर येतो. म्हणजे तलावाच्या पश्चिम काठावर, किल्ल्याच्या बाजूला तिवई लावून बसलेल्या माणसाला चंद्र झाडाआडून, इमारतीआडून वर येईतो ग्रहण सुटलेलं असेल. त्याला सुंदर पौर्णिमा मिळेल, ग्रहण नाही. ज्याला ग्रहण हवं त्यानं पूर्वेचं क्षितिज मोकळं दिसेल अशी उंच गच्ची गाठावी, मंदिराच्या पश्चिमेला, जमेल तितकी लांबची. घरांच्या डोक्यावरून शिखर डोकावत असेल तर उत्तमच. चंद्र जवळजवळ थेट पूर्वेला उगवेल, किंचित उत्तरेकडे सरकून. उगवल्यावर तो सरळ वर चढत नाही, उजवीकडे कलत चढतो. हे लक्षात न घेता लावलेला कॅमेरा दर वेळी हातभर चुकतो. आदल्या संध्याकाळी जाऊन जागा बघून ठेवावी, मात्र चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि थोडा सरकतोही, हे धरून.

एका बाबतीत ही संध्याकाळ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपेक्षा सोयीची आहे. मध्यरात्री चंद्र आणि वास्तू यांचा उजेड जुळतच नाही. पूर्ण चंद्र उन्हात पडलेल्या दगडासारखा उजळ असतो. १०० संवेदनक्षमतेच्या रोलवर लेन्सचं छिद्र अकरावर ठेवलं की शंभरांश सेकंद पुरायचा. त्या मापानं फोटो घेतला की मंदिर काळं पडतं, आणि मंदिराचं माप धरलं की चंद्राचा नुसता पांढरा ठिपका होतो, ससा गायब. खग्रास असताना उलट. तेव्हा चंद्रावर पोहोचतो तो फक्त पृथ्वीच्या हवेतून वाकून गेलेला तांबूस उजेड. तो इतका मंद असतो की सेकंद-दोन सेकंद कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यात शेजारची रोषणाई सगळं धुऊन टाकते. वर मोठी लेन्स असेल तर तेवढ्यात चंद्रही सरकतो. सूर्य मावळल्यावर दहा-वीस मिनिटं मात्र आकाश, दगड आणि चंद्र एका मापात येतात. त्या वेळेत जोड लावावाच लागत नाही. म्हणून माझी एक जोड-विनंती : ज्या वास्तूंवर झगझगीत रोषणाई असते, त्यांच्या व्यवस्थापनानं त्या संध्याकाळी ती सात वाजेपर्यंत लावू नये. आपल्या अंकातून हे सांगितलं तर ऐकलं जाईल.

इंद्रभुवनासारख्या इमारतीपाशी वेगळी युक्ती लागते, आणि ती उंचावरच्या चंद्राला लागू पडते. अगदी पायाशी जाऊन २४ मिमीची लेन्स उभी धरली की त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर अंश मावतात, म्हणजे खाली दरवाजा आणि वर चौसष्ट अंशांवरचा चंद्र एकाच फोटोत. इमारत मागे झुकल्यासारखी येते आणि चंद्र खसखशीच्या दाण्याएवढा. सप्टेंबरमध्ये खरा फोटो असा आला असता. आपल्याकडे असे फोटो आलेही असतील, आणि बारीक चंद्र बघून कुणीतरी ते बाजूला सारले असतील, अशी मला शंका आहे.

एक प्रकार मात्र जोड असूनही खोटा नव्हे. १० जानेवारी २००१ च्या पहाटे खग्रास ग्रहण होतं, साधारण एक वाजून वीस मिनिटांपासून दोन वाजून बावीस मिनिटांपर्यंत पूर्ण बुडालेलं. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, तोंडावर आला होता, आणि होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उभे राहत होते. थंडी चांगलीच होती. दुकानाच्या गच्चीवर निकॉन एफएम टू पक्का बांधला. त्या कॅमेऱ्याला एक छोटी खिट्टी असते, ती दाबून धरली की झडप पुन्हा चढते पण रोल पुढे सरकत नाही. त्यामुळे एकाच फ्रेमवर दर दहा मिनिटांनी चंद्र घेता आला. दहा मिनिटांत तो अडीच अंश, म्हणजे स्वतःच्या पाच पट रुंदीएवढा सरकतो, तेव्हा एकावर एक चढत नाही. बारीक बारीक चंद्रांची तिरकी ओळ : पांढरे, मग कुरतडलेले, मग तांबडे, पुन्हा पांढरे. खाली वास्तू वगैरे काही नाही, कारण जानेवारीचा पौर्णिमेचा चंद्र आपल्याकडे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो. हल्ली हेच संगणकावर जोडतात. कॅमेरा हलवला नसेल, लेन्स बदलली नसेल, तर ती त्या रात्रीची खरी नोंद आहे. फक्त खाली तसं लिहायला हवं.

तेव्हा मागणी एवढीच, की फोटो मागवताना चार गोष्टी सक्तीच्या करा : किती वाजता घेतला, कुठे उभं राहून घेतला, कुठल्या कॅमेऱ्यानं वा फोननं, आणि एकच फोटो की जोडलेला. आणि या चार गोष्टी फोटोखाली छापा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्यातली वेळेची माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ई-मेलनं मूळ फाइल मागवलीत तर तिच्यात वेळ, लेन्स सगळं सापडतं. काही फोन चंद्र ओळखून त्यावरचे डाग स्वतःच ठळक भरतात, तेही विचारून घ्या. जोडलेल्या फोटोंना बंदी घाला असं मी म्हणत नाही. त्यांची वेगळी चौकट करा, वर ‘जोडचित्र’ लिहा. चांगल्या जोडाला मीच पहिला दाद देईन. आमच्या वेळच्या मिक्सिंगवाल्यांपैकी एखाद्याला परीक्षक म्हणून बोलवा. जोडाची रेघ त्याला चष्म्याशिवाय दिसेल.

आणि नमुन्याचा तो फोटो उद्याच्या अंकातून काढून टाका. कॉलेजातली मुलं तो बघून तसलाच मोठा चंद्र शोधत तलावाच्या काठावर येतील, खरा चंद्र बघून हिरमुसतील, आणि घरी जाऊन दुसरा डकवतील.

यानंतर सोलापुरातून ६ जुलै २०२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास खंडग्रास ग्रहण आहे, पण ते पावसाळ्यात. पोटभर बघण्याजोगं ग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला. त्या रात्री पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र पूर्ण लाल असेल, हवा कोरडी, आणि नवीन वर्षासाठी लोक गच्चीवर असतीलच. ग्रहणाच्या मध्याला उंची साठ अंशांच्या आसपास. शिखराला टेकलेला लाल चंद्र तेव्हाही मिळायचा नाही, हे आवाहन लिहिणाऱ्याच्या टेबलावर आताच नोंदवून ठेवावं.

आपला,
एक जुना वाचक व निवृत्त छायाचित्रकार,
सोलापूर

ता. क. : चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी डोळ्यांना काही होत नाही. काळी काच, एक्स-रे फिल्म हे काही लागत नाही. ते सूर्यग्रहणाचं. फोटोच्या आवाहनात ‘योग्य काळजी घ्यावी’ असं मोघम लिहिलं आहे, त्यामुळे शेजारच्या दोन घरांतून मला विचारणा झाली. वेध पाळायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण काचेचं तेवढं स्पष्ट छापा.